जुन्या सेटचा भाव

मुळशी तालुक्यात भावाची गोष्ट निघाली की ती जमिनीचीच असते. भूगाव, भुकूम, पिरंगुट, लवळे, माण, मारुंजी, कुठल्याही गावच्या टपरीवर चहा घेताना गुंठ्याचा आकडा कानावर पडतो आणि तो मागच्या खेपेपेक्षा चढाच असतो. या तालुक्याने जमिनीच्या व्यवहारात सुख कमी आणि सोसणं जास्त पाहिलं आहे. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, इथल्या मावळ्यांनी टाटांच्या धरणाचं काम अडवून सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट त्यापायी तुरुंगात गेले, आणि अखेर गावं पाण्याखाली गेलीच. पुढे पुणं चांदणी चौक ओलांडून इकडे सरकलं. जमीन विकून आलेला पैसा सरल्यावर घराची कशी दशा होते, ते प्रवीण तरडे यांच्या ‘मुळशी पॅटर्न’ने २०१८ साली पडद्यावर दाखवलं.

याच तालुक्यात, लवळे-बावधनच्या टेकड्यांवर, ऑक्सफर्ड गोल्फ रिसॉर्टचा अठरा होलचा कोर्स आहे. पहाटे तिकडे चढणाऱ्या गाड्यांच्या डिकीत एक लांबोडकी पिशवी असते आणि तिच्यात जास्तीत जास्त चौदा स्टिक असतात, कारण नियमाने एका फेरीत त्याहून अधिक बाळगता येत नाहीत. आजूबाजूच्या जमिनीचा भाव दरवर्षी चढतो. या पिशवीतल्या मालाचा भाव मात्र दुकानाच्या पायऱ्या उतरल्यापासून घसरायला लागतो, आणि इतक्या झपाट्याने घसरतो की पहिल्यांदा सेट विकायला काढणारा माणूस आकडा ऐकून गप्पच होतो.

मला हा विषय महत्त्वाचा वाटतो तो श्रीमंतांच्या नुकसानीसाठी नव्हे. गोल्फ हा आपल्याकडे कुंपणाआडचा खेळ आहे. सभासदत्वाची फी, कोर्सची फी, सामानाची किंमत अशी ती एकावर एक कुंपणं. त्यातलं सामानाचं कुंपण जुन्या मालाच्या बाजारात सर्वांत ठेंगणं होतं. तिथूनच कुणी नवा माणूस आत येऊ शकतो. म्हणून हा भाव नेमका कशामुळे पडतो, आणि पडलेल्या भावात हाती येणारी वस्तू खरंच तेवढी उतरलेली असते का, हे नीट पाहायला हवं.

नामांकित कंपनीचा नवा ड्रायव्हर, म्हणजे पहिला लांब फटका मारायची मोठ्या डोक्याची स्टिक, आपल्याकडे पन्नास-साठ हजारांच्या घरात जातो. माल बाहेरून येतो, त्यावर आयात शुल्क आणि कर चढतात. हाच ड्रायव्हर वर्षभराने विकायला काढला तर बाजारातला ढोबळ हिशेब असा की एक तृतीयांश ते निम्मी किंमत गेलेली असते. तिसरं वर्ष सरेपर्यंत मूळ किमतीचा चौथा-तिसरा हिस्सा हातात पडला तरी बरं म्हणायचं. दुकानदाराला दिला तर त्याहून कमी, कारण त्याला तो पुढे विकून स्वतःचं पोट भरायचं असतं. मोटारीशी ताडून पाहा. विम्यासाठी गाडीची किंमत धरताना आपल्याकडे ठरलेलं कोष्टक आहे: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के घट, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५०. म्हणजे इंजिन, टायर, ब्रेक, सगळं झिजणारी गाडी कागदावर पाच वर्षांत निम्म्यावर येते. आणि टायटॅनियमचा एक घडीव गोळा, ज्यात फिरणारा एकही भाग नाही, तो त्याच्याआधीच निम्म्यावर येतो.

याचं कारण झीज नाही. कारण आहे कंपन्यांचं वेळापत्रक. टेलरमेडने २०२२ च्या सुरुवातीला ‘स्टेल्थ’ आणला, २०२३ मध्ये ‘स्टेल्थ २’, २०२४ मध्ये ‘क्यूआय१०’, २०२५ मध्ये ‘क्यूआय३५’. कॅलवेचंही तेच: २०२२ ला ‘रोग एसटी’, २०२३ ला ‘पॅराडाइम’, २०२४ ला ‘पॅराडाइम एआय स्मोक’, २०२५ ला ‘एलाइट’. दर जानेवारीच्या आसपास नवं नाव, नवा रंग आणि सोबत जुन्या मॉडेलवर सूट. दुकानात पडून राहिलेला कोरा, प्लॅस्टिकही न काढलेला मागच्या वर्षीचा ड्रायव्हर जर सवलतीत मिळत असेल, तर वापरलेला कुणी त्याहून बराच खाली आल्याशिवाय का घेईल? जुन्या मालाचा भाव असा नव्या मालाच्या सवलतीला बांधलेला असतो. मालकाने ती स्टिक किती जपली, किती वापरली, हे सगळं त्यानंतर येतं.

ज्या कंपन्या दमाने घेतात, त्यांच्या मालाचा भावही दमाने उतरतो. पिंगचे ड्रायव्हर साधारण दोन वर्षांनी बदलतात: २०१७ ला जी४००, २०१९ ला जी४१०, २०२१ ला जी४२५, मग जी४३०, आणि २०२५ ला जी४४०. टायटलिस्टचंही तसंच. २०२० ला टीएसआय, २०२२ ला टीएसआर, २०२४ ला जीटी. जुन्या सेटच्या धंद्यातला कुणीही माणूस पिंग आणि टायटलिस्टला अंमळ जास्त भाव सांगतो, त्याचं एक मोठं कारण हे दोन वर्षांचं अंतर आहे. पिंगच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला फार भावते. कार्स्टन सोल्हाइम नावाच्या मूळच्या नॉर्वेतल्या इंजिनिअरने, जनरल इलेक्ट्रिकमधली नोकरी करता करता, १९५९ मध्ये घराच्या गॅरेजमध्ये पटर, म्हणजे चेंडू होलात ढकलायची स्टिक, बनवून ही कंपनी सुरू केली. त्याच्या हिशेबी स्वभावाची छाप अजून टिकून आहे. पिंगच्या स्टिकवर सीरियल नंबर असतो, आणि त्या नंबरावरून ती मूळ कशी बनवली होती, दांडा कुठला, कोन किती, हे कंपनीकडे विचारता येतं. तिसऱ्या-चौथ्या हाती गेलेल्या वस्तूची कुंडली अशी जागेवर सापडते म्हटल्यावर घेणाऱ्याचा हात पटकन खिशात जातो.

भाव पडण्याला एके काळी खरंच आधार होता. गॅरी ॲडम्स या अमेरिकन माणसाने १९७९ मध्ये कर्ज काढून टेलरमेड सुरू केली आणि पोलादी डोक्याचा ड्रायव्हर विकायला आणला. तोवर ड्रायव्हर पर्सिमॉन नावाच्या झाडाच्या लाकडाचे असत. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत त्या लाकडी ड्रायव्हरांची जागा दिवाणखान्याच्या कोपऱ्यात गेली. लाकडी ड्रायव्हर घेऊन मोठी स्पर्धा जिंकणारा शेवटचा खेळाडू म्हणून १९९३ च्या मास्टर्सच्या बर्नहार्ड लँगरचं नाव घेतलं जातं. दरम्यान १९९१ मध्ये कॅलवेचा ‘बिग बर्था’ आला. त्याचं डोकं १९० घन सेंटिमीटरचं होतं आणि त्या काळात ते अवाढव्य वाटलं होतं. १९९५ मध्ये टायटॅनियम आलं, डोकी फुगत गेली, फटका लांबत गेला. त्या वर्षांत पाच वर्षं जुना ड्रायव्हर खरोखरच मागे पडलेला असे, आणि त्याचा भाव कोसळला तर त्यात अन्याय नव्हता.

मग नियम आले. गोल्फचे नियम ठरवणाऱ्या दोन संस्था, अमेरिकेची यूएसजीए आणि स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजची आर अँड ए. त्यांनी डोक्याच्या आकारमानाला ४६० घन सेंटिमीटरची मर्यादा घातली, आणि तोंडाच्या पत्र्यावरून चेंडू किती उसळावा यालाही कमाल हद्द ठरवून दिली. २००४ पासून हे चित्र पक्कं झालं. डोळे विस्फारायला लावणारी झेप घ्यायची वाट त्या वर्षी बंद झाली. त्यानंतर कंपन्यांनी जे केलं ते सगळं कडेकडेचं काम आहे: वजन मागे-पुढे सरकवणं, चेंडू मध्यावर नाही बसला तरी तो फार वाकडा जाऊ नये याची सोय, कार्बनचा हलका टोप. ही सुधारणा खोटी नाही. पण वर्षागणिक ती इतकी थोडी असते की शनिवार-रविवार खेळणाऱ्या माणसाला तिचा पत्ता क्वचितच लागेल. त्याच्या स्वतःच्या दोन फटक्यांमधला फरक दोन मॉडेलांमधल्या फरकापेक्षा कितीतरी मोठा असतो.

भाव पाडायची जुनी सवय मात्र तशीच राहिली. त्याच २००४ साली कॅलवेने फ्रॉगट्रेडर नावाची जुना माल विकणारी कंपनी विकत घेतली आणि स्वतःच्याच जुन्या स्टिकचा धंदा हाती घेतला. जुनी स्टिक देऊन नवी घ्यायची सोय झाली की मालकाला नवं घेताना कमी टोचतं, आणि कंपनीचा हात जुन्या बाजारातही राहतो. धंदा म्हणून हे फार हुशारीचं होतं. पण फिरतं चाक किती जोरात फिरवायचं याला हद्द असते, आणि ती टेलरमेडने ओलांडून पाहिली. २०११ ते २०१३ या काळात आर११, आर११एस, रॉकेटबॉल्झ, आर१, एसएलडीआर, जेटस्पीड अशी मॉडेलं एकावर एक येत गेली. दुकानात आधीचा माल खपायच्या आत पुढचा दाराशी. गिऱ्हाइकाला कळून चुकलं की थांबलं की स्वस्त होतं. मग तो थांबलाच. जुलै २०१४ मध्ये डिक्स स्पोर्टिंग गुड्स या अमेरिकेतल्या मोठ्या दुकानसाखळीने आपल्या दुकानांतल्या चारशेहून अधिक व्यावसायिक गोल्फ-प्रशिक्षकांना एका फटक्यात कामावरून काढलं. २०१६ च्या ऑगस्टमध्ये नायकीने स्टिक बनवणंच थांबवलं. २०१७ मध्ये आदिदासने टेलरमेड ४२.५ कोटी डॉलरला विकायचा सौदा जाहीर केला. एवढं सगळं होऊनही वर्षाला एक नवं मॉडेल ही चाल मोडली नाही, कारण बाकीचे थांबत नाहीत तोवर एकटं कोण थांबणार.

आता मुळशीकडे येऊ. हिंजवडीचं राजीव गांधी आयटी पार्क याच तालुक्यात आहे, हे पुण्याबाहेरच्या वाचकाच्या चटकन लक्षात येत नाही. जुन्या सेटच्या बाजाराला त्याने एक वेगळीच वाट करून दिली. ऑनसाइट म्हणून टेक्सास, नॉर्थ कॅरोलायना किंवा टोरांटोला गेलेला मराठी इंजिनिअर तिथे ऑफिसातल्या मंडळींबरोबर गोल्फला जातो. तिथे सरकारी कोर्सवर थोडक्या पैशांत खेळता येतं, जुना सेट सहज मिळतो. परतताना तो सेट सामानात येतो, कारण तिकडे विकून हाती फारसं लागत नाही. इथे आल्यावर नोकरी, शाळा आणि भूमकर चौकातला ट्रॅफिक. सेट माळ्यावर जातो. वाकड-बाणेरपासून बावधनपर्यंतच्या सोसायट्यांत असे माळ्यावरचे सेट किती असतील याची कुठे नोंद नाही, पण ओएलएक्सवर किंवा सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘यूएसमधून आणलेला, फार कमी वापरलेला’ अशी ओळ अधूनमधून झळकते. आणि भाव? तिकडे घेतला त्या किमतीच्या आसपास सांगितलेला असतो. तो मिळत नाही. महिन्याभराने आकडा उतरतो, मग पुन्हा उतरतो.

त्यात डावखुरा असेल तर कठीणच. आपल्याकडे डाव्या हाताने खेळणारे थोडे, म्हणून डाव्या हाताच्या सेटला गिऱ्हाईक शोधावं लागतं. कॅनडात उलटी तऱ्हा. आइस हॉकीमुळे म्हणा किंवा कशामुळे, तिथे डाव्या बाजूने गोल्फ खेळणाऱ्यांचं प्रमाण जगात ठळक आहे. म्हणजे तोच सेट टोरांटोतल्या मराठी घराने तिथेच विकला असता तर चार पैसे जास्त मिळाले असते.

माळ्यावर वर्षानुवर्षं पडलेल्या सेटची खरी झीज खेळण्याने होत नाही, मुळशीच्या हवेने होते. २५ जुलै २०२४ च्या सकाळी तालुक्यातल्या ताम्हिणीत चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. सारा तालुका तसा भिजत नाही, पूर्वेकडे पाऊस उतरत जातो, तरी चार महिने हवेत ओल असतेच. बॅग ओली ठेवली तर पोलादी दांड्याला ग्रिपच्या खालच्या कडेपाशी आधी तांबूस ठिपके येतात. तिथून गंज दांड्याच्या आत शिरतो आणि बाहेरून काही दिसत नाही. दुसरं दुखणं इथल्या जमिनीचं. कोर्सवर हिरवळ आहे, पण तिच्या कडेला गेलं की खाली मुरूम आणि काळा दगड. हिरवळीवरून घसरलेला चेंडू तिथून मारायचा झाला की आयर्नच्या, म्हणजे मधल्या अंतराच्या लोखंडी डोक्याच्या स्टिकच्या, तळाला ओरखडे पडतात. परदेशातून आलेल्या सेटचा तळ गुळगुळीत असतो, इथे दोन वर्षं खेळलेल्याचा खरवडलेला. त्याने खेळात फरक पडत नाही, भावात पडतो.

जुना सेट बघायची रीत आहे, आणि ती कॅडींइतकी कुणाला येत नसावी, कारण रोज दहा जणांच्या बॅगा त्यांच्या खांद्यावर असतात. स्टिक हातात घेतली की आधी ग्रिप. रबर कडक होऊन चकाकत असेल तर ते बदलायचा खर्च मनात धरायचा. मग डोक्याजवळचं ते काळं प्लॅस्टिकचं कडं, फेरूल. ते दांड्यावर थोडं वर सरकलं असेल तर डोकं कधीतरी निघालं आहे किंवा गोंद सुटत आला आहे. ग्रॅफाइटचा दांडा असेल तर तो उजेडात गोल फिरवून बघायचा. बॅगेच्या तोंडाशी घासून पडलेली खाच पुढे तिथेच तुटते. ड्रायव्हर उलटा-सुलटा करून वरच्या टोपावर चेंडूचे पांढुरके वण आहेत का ते पाहायचं, तोंडावर केसाएवढी चीर आहे का ते नखाने चाचपायचं, आणि हलकेच हलवून आत काही खुळखुळतं का ते ऐकायचं. डोक्यावरचं कव्हर आणि कोन बदलायची छोटी किल्ली सोबत नसेल तर भाव पाडून मागायचा. शेवटी नंबर.

नंबर बघायचा तो नकली मालामुळे. नकली स्टिकने जुन्या बाजाराचं मोठं नुकसान केलं आहे. रंग, अक्षरं, कव्हर हुबेहूब असतं. डोकं मात्र टायटॅनियमऐवजी साध्या पोलादाचं. लोहचुंबक तोंडाच्या पत्र्याला लावून पाहणं ही साधी कसोटी, कारण टायटॅनियमला चुंबक धरत नाही. तळातल्या वजनाच्या स्क्रूला लावून उपयोग नाही, तो पोलादी असू शकतो. नकली मालाच्या भीतीने घेणारा अस्सल मालालाही कमीच भाव देतो, आणि बिल जपून ठेवलेला विकणारा त्यातून सुटतो. बिलाचा कागद चार-पाच हजारांचं काम करतो, पण आपल्याकडे तो सेटच्या खोक्याबरोबर पहिल्याच आठवड्यात रद्दीत जातो.

सगळ्या स्टिक एकाच वेगाने उतरत नाहीत, आणि उतरूही नयेत. ड्रायव्हर सर्वांत वेगाने, कारण जाहिरातीचा सगळा भर त्याच्यावर. आयर्न त्याहून सावकाश. पटर तर बऱ्याचदा जागचा हलत नाही. टायटलिस्टच्या स्कॉटी कॅमरन पटरला जुना असूनही मागणी असते, काहींना नव्याहून जास्त. वेज, म्हणजे जवळून उंच फटका मारायची स्टिक, मात्र खरोखर झिजते. वेजच्या तोंडावरच्या बारीक खाचा चेंडूला फिरकी देतात, आणि वाळूतून, मुरमातून मारून मारून त्या खाचांच्या कडा बोथट होतात. पाटा गुळगुळीत झाला की त्यावर मसाला नुसता सरकतो, तसा चेंडू वेजच्या तोंडावरून सरकतो आणि हिरवळीवर थांबत नाही. पाट्याला टाकी लावून घेता येते. वेजला खाचा पुन्हा कोरायच्या तर त्या नियमाच्या मापात बसल्या पाहिजेत, आणि ते घरगुती काम नव्हे. वोकी नावाच्या वेज बनवणारेच साधारण ७५ फेऱ्यांनंतर ती बदला म्हणतात. दर शनिवारी खेळणाऱ्याला हे दीड वर्ष. तेव्हा जुन्या सेटमध्ये वेज फुकट आली असं समजायचं आणि पैसे आयर्न-पटरला मोजायचे, हे माझं मत.

खाचांवरून एक प्रकरण सांगितलंच पाहिजे, कारण जुन्या स्टिकचा भाव कशाने फिरतो हे त्यात स्वच्छ दिसतं. पिंगचे ‘आय २’ आयर्न १९८० च्या दशकात आले. त्यांच्या खाचांवरून यूएसजीएशी वाद पेटला आणि १९९० मध्ये तडजोड झाली: ३१ मार्च १९९० पूर्वी बनलेल्या ‘आय २’ नियमात बसतील. वीस वर्षांनी, १ जानेवारी २०१० पासून, व्यावसायिक स्पर्धांत खाचांचा नवा कडक नियम आला आणि सगळ्यांच्या वेज बदलाव्या लागल्या. ती जुनी तडजोड मात्र शाबूत होती. फिल मिकेल्सनने त्याच महिन्यात सॅन डिएगोजवळच्या टॉरी पाइन्सवर वीस वर्षं जुनी पिंग ‘आय २’ वेज काढली आणि नियमात राहून खेळला. दुसऱ्या एका खेळाडूने उघडपणे त्याला फसवणूक म्हटलं आणि गहजब झाला. मार्चअखेरीस पिंगचे प्रमुख जॉन सोल्हाइम यांनी तो हक्क सोडला, आणि दार बंद झालं. पण मधल्या त्या दोन-तीन महिन्यांत लोकांनी गॅरेजं, माळे आणि जुन्या मालाची दुकानं धुंडाळली. अडगळीतली वेज एका नियमामुळे मौल्यवान झाली, दुसऱ्या सहीने पुन्हा साधी झाली. वस्तू तीच होती.

दुसरं टोक टायगर वुड्सचं. २०००-०१ मध्ये लागोपाठ चार मोठ्या स्पर्धा जिंकताना त्याने वापरलेले टायटलिस्टचे आयर्न २०१० मध्ये लिलावात ५७,२४२ डॉलरला गेले होते. एप्रिल २०२२ मध्ये तेच ५१ लाख डॉलरच्या पुढे गेले. तसल्याच दुसऱ्या सेटला आज कुणी विचारणार नाही.

हातात घेऊन मारताना जे मोल कळतं आणि बाजार जो आकडा सांगतो, ती दोन वेगळी खाती आहेत, हे मुळशीला सेटवरून शिकायची गरज नव्हती. लवासा इथलंच. मोसे खोऱ्यातल्या डोंगरांत हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनीने उभारायला घेतलेल्या त्या शहराच्या आराखड्यात गोल्फही होता. इंग्लंडचे विख्यात खेळाडू सर निक फाल्डो यांच्या नावाच्या अकादमीची घोषणा झाली होती. २०१० च्या नोव्हेंबरमध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवायला सांगितलं, ऑगस्ट २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने डार्विन प्लॅटफॉर्म इन्फ्रास्ट्रक्चरचा १,८१४ कोटींचा आराखडा मंजूर केला, आणि त्यानंतरही घर घेणाऱ्यांची वाट पाहणं संपलं नाही. चढत्या जमिनीच्या तालुक्यात निवृत्तीच्या पैशातून घेतलेलं घर विकता येईना, अशी वेळ अनेक कुटुंबांवर आली. ती माणसं डोळ्यांसमोर आली की सेटच्या घसरलेल्या भावाची चर्चा किरकोळ वाटते, आणि ती तशी आहेच. तरी एक फरक नोंदवतो. लवासातल्या घराचा भाव पडला तेव्हा घर राहण्याजोगंही उरलं नाही, रस्ता, पाणी, दवाखाना सगळ्याचीच ओढ. सेटचा भाव पडतो तेव्हा सेट खेळण्याजोगा शाबूत असतो. म्हणून पडलेला भाव इथे कुणाच्या तरी कामी येतो.

कुणाच्या, ते या खेळाच्या इतिहासात ठायी ठायी दिसतं. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय अली शेर हा दिल्ली गोल्फ क्लबचा कॅडी. २०१६ आणि २०१७ असं सलग दोनदा इंडियन ओपन जिंकणारे एस.एस.पी. चौरसिया हे कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबमधल्या माळ्याचे चिरंजीव. १८२९ मध्ये स्थापन झालेला हा क्लब ब्रिटनबाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब. अशा मुलांच्या हाती पहिली स्टिक येते ती सभासदांनी टाकलेली. आणि जिथे टाकलेलीही मिळाली नाही तिथे चेंबूर घडलं. बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबच्या कुंपणापलीकडच्या वस्तीत कॅडींनी आणि पोरांनी बांधकामाच्या लोखंडी सळ्या वाकवून स्टिक केल्या, प्लॅस्टिकचा चेंडू घेतला, आणि गल्लीबोळांत, गटारांच्या कडेने होल आखून खेळ मांडला. परदेशी छायाचित्रकार तिथे येऊन गेले. मला त्या छायाचित्रांतलं नवल फारसं वाटत नाही, त्यातली निकड वाटते. काही किलोमीटरवर माळ्यावर सेट गंजत असताना या मुलांना सळई वाकवावी लागली.

पुण्यात येरवड्याच्या पूना क्लबच्या कोर्सला कॅडींची जुनी परंपरा आहे, आणि पुण्याचाच उदयन माने २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळला. मुलाला हा खेळ शिकवून बघू, असं म्हणणारी घरं आता वाढताहेत. त्यांना पहिली अडचण येते ती मुलांच्या सेटची. दहा वर्षांच्या मुलाचा सेट दोन वर्षांत तोकडा पडतो. मोठ्यांची स्टिक कापून छोटी केली तर डोकं जड लागतं आणि मुलाची सवय बिघडते. नवा घेऊन दोन वर्षांनी विकायला काढला तर मोठ्यांच्या सेटहून वाईट गत, कारण गिऱ्हाईक आणखी थोडी. शाळेच्या गणवेशाची आणि पुस्तकांची अदलाबदल आपल्या सोसायट्या करतात, मुलांच्या सेटची का नाही? एका कोर्सवर किंवा ड्रायव्हिंग रेंजवर वीस-पंचवीस छोटे सेट फिरते ठेवले, उंची वाढली की पुढचा घ्यायचा आणि आधीचा परत करायचा, तर लवळ्याच्या पायथ्याच्या गावातल्या मुलालाही हातात घ्यायला खरी स्टिक मिळेल. यात फार पैसा लागत नाही. माळे रिकामे करावे लागतात, एवढंच.

आणि माळा रिकामा करायचाच असेल तर दिवाळीनंतरची वेळ बरी. दिवाळीच्या आवराआवरीत सेट पुन्हा वर ठेवला असेल तर खाली काढा. पावसाळा सरला की पुण्यात गोल्फचा हंगाम बसतो, नवशिके याच महिन्यांत सेट शोधतात. जानेवारीत नवी मॉडेलं जाहीर होतात आणि हातातला सेट एका रात्रीत आणखी एक वर्ष जुना होतो. तेव्हा विकायचा तो डिसेंबर संपायच्या आत. खाचांतली माती जुन्या टूथब्रशने आणि कोमट साबणाच्या पाण्याने काढा, दांड्यावरचे गंजाचे ठिपके बारीक स्टील वूलने पुसा, पुसून लगेच कोरडा करा. ग्रिप कडक झाल्या असतील तर बदलायच्या भरीस पडू नका, घेणारा आपल्या हाताच्या मापाने बदलेल. फोटो काढाल तो तळाचा, तोंडाचा आणि नंबरचा काढा, बॅगेचा नको. अमेरिकेतल्या दुकानांच्या संकेतस्थळांवर तुमच्या मॉडेलचा जुना भाव दिसतो, तो रुपयांत मांडा आणि तिथून बोलायला सुरुवात करा, मूळ बिलावरून नको. मुलांचा सेट असेल तर विकू नका. जवळच्या कोर्सवर किंवा रेंजवर जाऊन शिकवणाऱ्याच्या हाती द्या आणि कोणत्या उंचीचं मूल ते वापरणार आहे एवढं विचारून या.